आजोबांच्या खतावणीतला गोलातला 'मा': सीमाभागातली जुनी दुकानं आणि शाळेची उद्री

वखारीमागचा

नमस्कार मंडळी. मी मूळचा निपाणीचा, सध्या मुक्काम पुणे. तंबाखूच्या वखारींमागच्या बोळात आमचं किराणा दुकान होतं. आजोबांनी (आम्ही सगळे त्यांना अण्णाच म्हणायचो) सुरू केलं, पुढं काकांनी चालवलं. यंदा काकांनी फळ्या कायमच्या लावल्या. माळा रिकामा करताना लाल कापडाच्या बांधणीच्या सात लांबट वह्या सापडल्या. चार मोडी लिपीत आहेत, त्या मला वाचता येत नाहीत. तीन बाळबोध, म्हणजे देवनागरी अक्षरात आहेत आणि त्यातली पहिली शके १८७८ च्या कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे १९५६ च्या दिवाळी पाडव्याला उघडलेली आहे. हिशेब करून बघितला तर १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात (आताचं कर्नाटक) गेलो, आणि लक्ष्मीपूजन होतं २ तारखेला. त्या एकाच आठवड्यात राज्य बदललं आणि वहीही बदलली. अण्णांनी पहिल्या पानावर 'श्री' लिहून, हळदकुंकू लावून नेहमीसारखा नारळ-गुळाचा हिशेब सुरू केलाय. राज्याबद्दल एक अक्षर नाही.

तर मुद्दा असा. खतावणीत, म्हणजे ज्याच्या त्याच्या खात्याच्या वहीत, शाळेच्या मालाची वेगळी पानं आहेत. पाटी, पेन्सिल, दुरेघी वही, शाईची वडी, टाक, बोरू. मृगाच्या आसपास ही पानं भरून वाहतात. नाव बहुतेक पोराचं, बापाचं नाही. आणि बऱ्याच नोंदींपुढं गोल काढून आत 'मा' लिहिलंय. आमच्या घरात पूर्वीपासून सांगतात की अण्णा गरिबाच्या पोरांचे पैसे माफ करायचे, त्यामुळं आम्ही 'मा' म्हणजे 'माफ' असं धरून चाललोय.

दोन प्रश्न आहेत. एक, तुमच्या गावात शाळेचा माल उद्रीवर देणारी दुकानं होती का, आणि ते पैसे कसे फिटायचे? दोन, या वह्यांचं करायचं काय? काही पानांचे फोटो इथं टाकावेत असं मनात आहे.

---

शहापूर_गल्ली

'उद्री' शब्द वाचला आणि थेट लहानपणात गेलो. पुण्यामुंबईकडं 'उधारी' म्हणतात, आमच्याकडं दुकानाच्या पाटीवरसुद्धा 'उद्री बंद' असंच लिहिलेलं असायचं. आणि त्या पाटीखाली बसून उद्री चालायची.

---

हिरण्यकेशी

संकेश्वरात आमच्या घरी मिरचीचा व्यापार. वह्या-पुस्तकांचा आमचा संबंध नाही, खरं जूनमध्ये शेतकरी यायचे आणि म्हणायचे, "मालक, पोराला शाळेत घालायचंय, पुढच्या मिरचीवर पाच रुपये द्या." वडील द्यायचे. त्यामुळं तो माणूस पुढच्या हंगामात माल दुसऱ्या अडत्याकडं नेऊ शकायचा नाही, हेही तितकंच खरं. तेव्हा ते मला उपकार वाटायचं. आता कळतं की तो धंद्याचा भाग होता. म्हणून वडील वाईट होते असं मी म्हणणार नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच पाच रुपयांत होत्या.

---

मलप्रभा

मी खानापूर तालुक्यातली, निवृत्त शिक्षिका. आमच्याकडं भाताचं गाव, रोकड फक्त सुगीनंतर दिसायची. दुकानदार भात मापून घ्यायचा. एक पाटी आणि दोन पेन्सिली म्हणजे इतकी मापटी भात, असं ठरलेलं असायचं. आमची आई भात द्यायला स्वतः जायची, कारण दुकानदार घेताना माप शिगेचं भरायचा आणि देताना हात फिरवून सपाट करायचा. आई त्याला तोंडावर म्हणायची, "दादा, घेताना डोंगर आणि देताना पठार होय?" तो हसायचा आणि वरती मूठभर घालायचा.

---

चंदगडी

@मलप्रभा ताई, मापटं म्हणजे अर्धा शेर की पाव शेर? आमच्या घरात यावरून अजून वाद आहे.

---

मलप्रभा

मापटं अर्धा शेर. चिपटं पाव शेर. त्याच्या निम्मं कोळवं, त्याच्याही निम्मं निळवं. चार शेरांची पायली. चौथीत मास्तर हे पाठ करून घ्यायचे आणि चुकलं की पुन्हा पायलीपासून सुरुवात.

---

चंदगडी

मग आई जिंकली.

इथं मी जरा परका आहे. १९५६ साली बेळगाव जिल्हा म्हैसूरला गेला तेव्हा आमचा चंदगड तालुका तेवढा कोल्हापूर जिल्ह्यात आला. कागदावर महाराष्ट्र, बाजार मात्र बेळगावचा. आजही लग्नाचा बस्ता म्हटलं की बेळगाव. माझी सहावीची पुस्तकं महाराष्ट्राची होती, आणि ती मिळायला उशीर झाला म्हणून वडील खडेबाजारात शोधायला गेले, तर तिथं सगळी कर्नाटकाची! मराठीच पुस्तक, पण धडे वेगळे. वडिलांनी तरी ते घेतलं. म्हणाले, "मराठी आहे नव्हं, वाच." त्या वर्षी मी दोन राज्यांच्या कविता पाठ केल्या.

---

तवंदीघाट

मूळ प्रश्नाकडं येतो. @वखारीमागचा, 'मा' म्हणजे 'माफ' हे मला पटत नाही. माझे वडील तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते, कीर्द-खतावणी लिहिण्यात त्यांची हयात गेली. माफ केलेली रक्कम कोणताही व्यापारी वर्षाअखेरीला बट्टे खाती (बुडीत म्हणून) टाकतो आणि खातं मिटवतो. त्यावर गोल काढून ते पुढच्या वहीत ओढून नेत नाही. तुमच्या वहीत या नोंदी पुढच्या वर्षी ओढलेल्या आहेत का, ते बघा.

---

वखारीमागचा

@तवंदीघाट, बघितलं. ओढलेल्या आहेत. निदान काही तरी आहेत. पण अण्णांनी माफ केलेल्याची आठवण म्हणून ठेवल्या असतील. काकांनी स्वतः ऐकलेलं आहे की अण्णा म्हणायचे, "त्या पोरांचं मागायचं नाही."

---

तवंदीघाट

'मागायचं नाही' आणि 'माफ' यात फरक आहे, राव. तुमच्या आजोबांचा मान मी कमी करत नाही. वही काय बोलते तेवढंच म्हणतोय.

---

निपाणीची_पोर

मी अजून निपाणीतच आहे. माझी आजी विड्या वळायची. तेंदूची पानं, तंबाखू आणि सूत कारखान्यातून घरी यायचं, हजारावर मजुरी. आठवड्याला हिशेब झाला की त्यातून पहिल्यांदा दुकानाची उद्री, मग बाकीचं घर. आजी सांगते, जूनच्या महिन्यात ती रात्री चिमणीच्या उजेडात चारपाचशे विड्या जास्त वळायची, कारण आईच्या शाळेच्या वह्या त्यात बसवायच्या असायच्या. वहीवर तंबाखूचा वास यायचा म्हणून आईला वर्गात पोरी हसायच्या. पुढं आईच त्या वर्गात शिकवायला लागली.

आणि एक. निपाणी आता तालुका आहे, तेव्हा आमचा तालुका चिकोडी होता. कुठलाही शाळेचा दाखला काढायचा तर चिकोडीची एसटी धरायची.

---

घटप्रभा

गोकाकहून हजेरी. आमच्याकडं गिरणी. पगाराच्या दिवशी बाजारात पाय ठेवायला जागा नसायची. दुकानदार पगाराच्या तारखेवर घड्याळ लावून बसायचे. मराठी शाळा आमच्यात फार थोड्या, आमचं अर्धं घर कानडी. आजी मराठीत रागवायची आणि कानडीत लाड करायची. दुकानदार कानडीत आकडे मोजायचा आणि मराठीत भाव सांगायचा. त्यात कुणालाही काही वेगळं वाटायचं नाही.

(आमच्या मिठाईचा, करदंटाचा विषय अजून कुणी काढला नाही म्हणून मीच काढतो. बेळगावचा कुंदा वर की गोकाकचं करदंट?)

---

शहापूर_गल्ली

@घटप्रभा, धागा भरकटवू नका हो. कुंदा.

---

घटप्रभा

करदंट.

---

मोडीवाचक

वखारीमागचा, पहिल्यांदा आभार, की तुम्ही वह्या रद्दीत दिल्या नाहीत. माझ्याकडं लोक मोडी वाचून घ्यायला येतात ते बहुतेक जमिनीच्या कागदांसाठी. दुकानाच्या वह्या कुणी जपत नाही. खरंतर गाव काय खात होतं, काय नेसत होतं, पोरांना काय शिकवत होतं, हे सगळं त्यात असतं.

बाळबोध वह्या तुम्हाला वाचता येतात म्हणता, तरी आकड्यांची खूण सांगून ठेवतो. रुपयाच्या आकड्यापुढं उभी रेघ म्हणजे चार आणे, दोन उभ्या म्हणजे आठ, तीन म्हणजे बारा. आडवी रेघ एक आणा. म्हणजे एक उभी आणि दोन आडव्या असतील तर सहा आणे. नवशिके लोक उभ्या रेघेला दंड समजून सोडून देतात आणि हिशेब चुकतो.

---

वखारीमागचा

मी सोडूनच देत होतो! आता सगळी बेरीज पुन्हा.

---

शहापूर_गल्ली

या रेघांमुळं आमच्या शाळेची आठवण झाली. आम्ही दशमान पैशात वाढलो, पण आमचे एक म्हातारे मास्तर शनिवारी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी म्हणून घ्यायचे. औटकीपर्यंत. औट म्हणजे साडेतीन, दोन औट सात. आम्हाला कळायचं नाही याचा उपयोग काय. मग ते म्हणायचे, "दुकानात उभा राहा, कळेल."

आणि कळलं बरं का. आमच्या आजोबांनी एक गुरुकिल्ली सांगितली होती: मणाला जितके रुपये, अडीच शेराला तितके आणे. चाळीस शेरांचा मण, सोळा आण्यांचा रुपया, चाळीसला सोळानं भागलं की अडीच. गूळ मणाला बारा रुपये असेल तर अडीच शेराला बारा आणे, झालं. अडीचकी पाठ असलेलं पोर तोंडी हिशेब करायचं आणि दुकानदाराला फसवता यायचं नाही. शाळेचं गणित आणि दुकानाचं गणित एकच होतं तेव्हा. आत्ताच्या पोरांना शाळेतलं गणित बाजारात कुठं भेटतच नाही.

---

हिरण्यकेशी

आणि मग १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि सगळे पाढे एका रात्रीत म्हातारे झाले.

त्याची एक गंमत वडील सांगायचे. एका आण्याचे सहा नवे पैसे, दोन आण्यांचे बारा, खरं तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस. सव्वासहाचा अपूर्णांक कुठंतरी बसवायचा ना! तर हुशार पोरं तीन आण्यांचा माल एकदम घ्यायची नाहीत. एकेक आण्याचा तीन वेळा घ्यायची, तीनदा सहा म्हणजे अठरा. एक नवा पैसा वाचला, त्याची गोळी. उलट जुन्या एका पैशाची पेन्सिल दुकानदार दोन नव्या पैशांना विकायचा. दीडच्या वर जरासं काहीतरी व्हायचं, त्याचे दोन. म्हणजे पोरं तिकडून खायची आणि दुकानदार इकडून.

---

वखारीमागचा

@हिरण्यकेशी, तुमचं वाचून पुन्हा वही उघडली. चैत्रात नोंदी चालू असताना मध्येच अण्णांनी समासात छोटा तक्ता काढलाय: १-६, २-१२, ३-१९, ४-२५. आणि त्यानंतरही सहा महिने आण्यांच्या रेघाच मारल्यात! शेजारी बारीक अक्षरात नवे पैसे. हात बदलायला वेळ लागतो.

---

मलप्रभा

माझं लग्न होऊन मी बेळगावात आले तेव्हासुद्धा सासूबाई 'चार आणे, आठ आणे' म्हणायच्या. पंचवीस पैशांचं नाणं २०११ मध्ये बंद झालं, त्यांचे चार आणे त्यानंतरही चालूच होते.

---

चंदगडी

वजनांचं कुणी बोललं नाही. शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे आजच्या मापानं ९३३ ग्रॅम. किलो आला तेव्हा लोकांना वाटलं, शेराला जो भाव होता तोच किलोला पडला तर आपला फायदा. दुकानदारांना वाटलं, किलोचा भाव वाढवताना शेराचा हिशेब कुणाला आठवतोय. कोण जिंकलं ते सांगायला नको.

---

निपाणीची_पोर

शाळेकडं परत येऊया का? माझ्या पिढीचं सांगते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, कर्नाटकाचं एसएसएलसी. पहिली भाषा मराठी १२५ गुणांची, एकूण ६२५. मग अकरावीला बहुतेक सगळे देवचंद कॉलेजात. कॉलेज निपाणीला अगदी लागून, पण ते अर्जुननगर, म्हणजे कागल तालुका, कोल्हापूर जिल्हा, महाराष्ट्र. घरातून सायकल मारायची आणि दुसऱ्या राज्यात शिकायला जायचं. मैत्रिणीचे वडील गमतीनं म्हणायचे, "पोरगी परराज्यात शिकते, डबा खायला घरी येते."

खरं तेव्हा दुसऱ्या ठिकाणी एका खिडकीवर माझी गुणपत्रिका बघून कारकून म्हणाला, "६२५ पैकी? पाचशेपैकी असते की." तिथल्या तिथं टक्केवारी काढून, लिहून, सही करून दिली तेव्हा अर्ज घेतला. सीमेवरच्या पोरांना प्रत्येक खिडकीवर आपला हिशेब स्वतः मांडून दाखवावा लागतो. हे दुखतं, आजही दुखतं. आम्ही काही जास्त मागत नव्हतो.

---

शहापूर_गल्ली

@निपाणीची_पोर, अगदी खरं. आमच्या घरात तर हे तीन पिढ्या चाललंय. शहापूर सांगली संस्थानात होतं, बेळगाव इंग्रजांचं. पणजी म्हणायची, "इंग्रज हद्दीत जाऊन भाजी आणते." चालत जायची. मग मुंबई राज्य, मग म्हैसूर, मग १९७३ ला कर्नाटक. घर तेच, उंबरा तोच.

---

तवंदीघाट

दुकानं आणि उद्रीचा विषय निघालाय तर १९८१ विसरून चालणार नाही. तंबाखूच्या भावासाठी शेतकरी निपाणीजवळ पुणे-बेंगळूर हमरस्त्यावर बसले. शेतकरी संघटनेचे शरद जोशी होते. मार्चमध्ये सुरू झालं, ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मेले. मी तेव्हा नववीत होतो. शाळा नावालाच चालू होती.

त्या दिवसांत आमच्या गावच्या किराणा दुकानदारानं रस्त्यावर बसलेल्यांना पोतंभर चिरमुरे आणि गूळ दिला. ते कुणाच्या खाती नावे टाकायचं? त्यानं 'रस्ता' असं खातं उघडलं. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं आहे. ते फिटलं का नाही, मला माहीत नाही. त्या वर्षी ज्यांच्या घरात माणूस गेला त्यांच्या पोरांची फी आणि वह्या गावानं बघितल्या.

वखारीतल्या बायकांचंही सांगायला पाहिजे. त्या दिवसभर तंबाखूच्या धुळीत, चाळणीसमोर. खोकत घरी यायच्या. त्यांच्या संघटनेसाठी देवचंद कॉलेजचे प्रा. सुभाष जोशी यांनी काम केलं. वडील दिवाणजी, म्हणजे मालकाच्या बाजूचे, त्यामुळं घरात या विषयावर जेवताना कुणी बोलायचं नाही. पण मजुरी वाढली तेव्हा आईच म्हणाली, "बरं झालं." वडील ताट घेऊन उठले नाहीत, एवढं मला आठवतं.

---

वखारीमागचा

वाचून थांबलो काही वेळ. धन्यवाद, तवंदीघाट.

---

मोडीवाचक

एक सूचना. फोटो इथं टाकायचे म्हणता, ते थांबवा. जुन्या वह्यांत माणसाचं नाव एकटं नसतं. त्याच्यापुढं गाव, जात, कधी कधी 'अमक्याचा जावई', 'तमक्या वाड्यातली मोलकरीण' असंही असतं. त्यांची नातवंडं आज याच गावात आहेत. कुणाच्या आजीकडं साडेतीन आणे बाकी होते हे उभ्या जगाला दाखवायचा आपल्याला काय अधिकार?

---

घटप्रभा

मला उलट वाटतं. माझ्या आजोबांनी उद्रीवर पाटी घेतली होती हे कळलं तर मी ते पान चौकट करून भिंतीवर लावीन. त्यात लाज कसली?

---

मोडीवाचक

तुम्ही लावाल. पण ते तुम्ही ठरवायचं, वखारीमागचा यांनी नाही. नावं झाकून माल, भाव आणि तिथी दाखवा की. इतिहासाला तेवढं पुरतं.

---

निपाणीची_पोर

मोडीवाचकांशी सहमत. आमच्या बोळात आजही एखाद्याला 'उद्रीवाल्याचा' म्हणून हिणवतात.

---

मलप्रभा

मी आता 'मा' बद्दल बोलते. दोन दिवस मनात घोळतंय.

माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर. जुनी सातवी, म्हणजे फायनल, पास होऊन लागलेले. पगार थोडा, घरात आम्ही सहा भावंडं. तरी दुकानात त्यांची दोन खाती होती. एक घरचं आणि एक 'पोरांचं'. वर्गात ज्याच्याकडं पाटी नाही त्याला ते चिठ्ठी लिहून दुकानात पाठवायचे. पोराला वाटायचं दुकानदारानं दिलं. घरी आईला ठाऊक होतं, कारण पगाराच्या दिवशी पैसे हातात कमी यायचे. आई भांडायचीसुद्धा. का नाही भांडणार? आमच्या पायात चपला नव्हत्या.

तेव्हा तुमचा गोलातला 'मा' माफ नसून 'मास्तर' असेल का? मी हट्ट धरत नाही. पण बघा.

---

तवंदीघाट

ताई, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. खातं चालू आहे म्हणजे कुणीतरी भरत होतं. वखारीमागचा, त्या नोंदींसमोर जमेच्या बाजूला काय आहे? थोडेथोडे पैसे जमा आहेत का, आणि कुठल्या दिवशी?

---

वखारीमागचा

जमा आहे. आठ आणे, बारा आणे, एकदा दोन रुपये. खरं तिथ्या विखुरलेल्या आहेत. कधी वद्य चतुर्थी, कधी शुद्ध नवमी, कधी अमावास्येच्या आसपास. काही सूत्र दिसत नाही. आठवड्याच्या बाजाराचा दिवसही नाही.

---

मोडीवाचक

तिथीत सूत्र दिसणारच नाही! पगार इंग्रजी महिन्याचा, वही चांद्र महिन्याची. तिथी दरवेळी सरकणार. शके १८७९ च्या दहाबारा जमेच्या तिथ्या मला खासगीत पाठवा, नावं नकोत. माझ्याकडं जुनी पंचांगं आहेत, तारखा काढून देतो.

---

चंदगडी

मी जेवण सोडून धाग्याला चिकटलोय.

---

शहापूर_गल्ली

मीही. कुंदा खात.

---

मोडीवाचक

अकरा तिथ्या आल्या, अकरांच्या तारखा काढल्या. नऊ जमा इंग्रजी महिन्याच्या २ ते ६ तारखेच्या दरम्यान आहेत. उरलेल्या दोन दिवाळीच्या तोंडावर. एप्रिल आणि मे महिन्यांत एकही जमा नाही, खरं जूनमध्ये दोन.

निकाल मी देत नाही. पण विडी कामगार आठवड्याला भरणार, शेतकरी सुगीला भरणार. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात थोडं थोडं भरणारा माणूस पगारदारच असणार.

---

तवंदीघाट

आणि 'त्या पोरांचं मागायचं नाही' याचा अर्थही लागला. पोरांकडं मागायचं नाही, कारण देणारा दुसरा आहे.

---

वखारीमागचा

रात्री उशिरा लिहितोय. सगळे 'मा' पुन्हा एकदा मोजून काढले. तीन वह्यांत मिळून १३८. शेवटच्या वहीत शेवटच्या पानावर त्या खात्याची बाकी एक रुपया सहा आणे आहे, आणि तिथं मात्र अण्णांनी खरोखरच 'माफ' असा पूर्ण शब्द लिहिलाय. अख्ख्या वहीत तो शब्द फक्त तिथंच आहे.

खरं सांगतो, पहिल्यांदा वाईट वाटलं. आम्ही लहानपणापासून ही गोष्ट अण्णांची म्हणून सांगत आलो. माझ्या लग्नात काकांनी भाषणात सांगितली होती. आता ती बरीचशी दुसऱ्या कुणाची तरी निघाली. काकांना फोन केला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, महिन्याच्या सुरुवातीला संध्याकाळी एक गृहस्थ दुकानाच्या कट्ट्यावर येऊन बसायचे. काळी टोपी, धोतर, हातात छत्री. अण्णा त्यांच्यासाठी गादीवरून उठायचे. अण्णा गादीवरून दुसऱ्या कुणासाठी उठलेले काकांनी बघितलेले नाहीत. चहा व्हायचा. पैशाबद्दल बोलणं काकांनी कधी ऐकलं नाही. त्यांना वाटायचं, पेपर वाचायला येतात.

नाव काकांना आठवत नाही. वहीतही नाही, फक्त 'मा'. अण्णांनी तेवढंच लिहायचं ठरवलं असणार. आता नाव शोधावं का नको, यावर माझंच मन ठरत नाही.

वह्यांचं ठरवलंय. मोडीवाचक येत्या रविवारी येतायत, चार मोडी वह्यांची पानं त्यांच्यासोबत बसून लावायची. नावं झाकून भाव आणि मालाची यादी इथं टाकीन.

---

मलप्रभा

नाव शोधा, असं मला वाटतं. वहीत नसलं तरी चालेल, घरच्यांना कळायला हवं. आमच्या आईला कुणी कधी सांगितलं नाही की तुमच्या पोरांच्या पायातल्या चपलांचं काय झालं ते आम्हाला माहीत आहे.

---

निपाणीची_पोर

काळी टोपी, छत्री, वखारीमागचा बोळ. आमची आजी ८९ वर्षांची आहे, त्याच बोळाच्या तोंडाला राहायची. नगरपालिकेच्या शाळेतले सगळे जुने मास्तर तिला नावानिशी ठाऊक आहेत, कोण कुठल्या घरात भाड्यानं राहत होतं तेसुद्धा. उद्या सकाळी चहाच्या वेळी विचारते. संध्याकाळी तिला नीट आठवत नाही.